लाईव्ह दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात महिन्यातून एकदा तरी एक वाक्य असतंच, "घटनेच्या वेळचे सीसीटीव्ही फुटेज उपलब्ध होऊ शकले नाही." दुकान फोडलेलं असो, गाडी ठोकून कोणी पळालेलं असो, शाळेतलं काही प्रकरण असो, वाक्य तेच. आणि ते वाचून लोकांचंही एकच, कोणीतरी दाबलं, वरून फोन आला, सेटिंग झालं. होतही असेल कुठे कुठे, मी नाही म्हणत नाही. पण माझं मिरजेत हार्डवेअरचं दुकान आहे, आजूबाजूच्या सोसायट्या, शाळा, पतसंस्था, दोनचार दवाखाने यांची मशीनं आमच्याकडे मेंटेनन्सला असतात, आणि माझ्या बघण्यात तरी बहुतेक वेळा कट वगैरे काही नसतो, रेकॉर्डिंग जिच्यावर साठतं ती हार्डडिस्क मेलेली असते. तीही घटनेच्या दिवशी मेलेली नसते, कित्येक महिने आधीच मेलेली असते आणि तोवर कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण जमलं तर न कापता छापा.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी सांगतो. मोबाईलवर अ‍ॅप उघडलं की गेट दिसतं, पार्किंग दिसतं, वॉचमन खुर्चीत डुलकी काढताना दिसतो, म्हणजे सिस्टीम व्यवस्थित चालू आहे असं सेक्रेटरी धरून चालतात. अहो लाईव्ह चित्राला डिस्क लागतच नाही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, उघडून आतली हार्डडिस्क काढून टेबलावर ठेवली तरी मोबाईलवर गेट तसंच दिसत राहील. रेकॉर्डिंग होतंय का हे कळायला प्लेबॅक उघडून मागच्या आठवड्यातली एखादी रात्र लावून बघावी लागते आणि ते कोणी करत नाही. डिस्क सापडेनाशी झाली की डीव्हीआर बीप बीप करतो, तशी सोय आत दिलेलीच असते, मोबाईलवर मेसेजही पाठवता येतो. पण बीपचा त्रास होतो म्हणून कोणीतरी सेटिंगमधे जाऊन बझर बंद करून टाकतं, आणि मोबाईलचा मेसेज तर कधी चालूच केलेला नसतो कारण कॅमेरे लावणाऱ्या पोराला त्याच दिवशी अजून दोन साईट उरकायच्या असतात.

आता "महिन्याचं रेकॉर्डिंग राहतं साहेब" हे जे विकताना सांगतात त्याचा जरा हिशोब करू, पाढे येणाऱ्या कुणालाही जमेल. समजा १६ कॅमेरे आहेत, प्रत्येकाला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवलंय, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला ३२ मेगाबिट, आठ बिटांचा एक बाईट म्हणून आठने भागले की ४ एमबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला झाले साधारण ३४५ जीबी. यात ४ टीबीची डिस्क टाकली तर साडेअकरा दिवसांत ती भरली आणि मग पहिल्या दिवसाच्या डोक्यावर नवीन लिहायला लागली. पूर्ण महिना पाहिजे असेल तर १० टीबीच्या वर जागा लागते. एच २६५ (व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवायची पद्धत) लावलं, फक्त हालचाल असताना रेकॉर्ड कर असं सांगितलं तर कमी जागेत भागतं हे खरं, पण मग तसं लावलंय का हे कोणी बघितलंय? चोरीची तक्रार पंधरा दिवसांनी आली आणि फुटेज नाही, तर त्यात डिस्क बिचारी चांगली असूनही नाही, तिच्यात मावतच नव्हतं.

पोलीस ठाण्यांचं तर अजून मोठं प्रकरण आहे. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलं की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे पाहिजेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने राहिलं पाहिजे, तेवढं ठेवणारी यंत्रणा बाजारात नसेल तर मिळेल तितकं जास्तीत जास्त, पण वर्षाच्या खाली नाही. वरच्याच हिशोबाने १६ कॅमेऱ्यांचे १८ महिने म्हणजे जवळपास १८९ टीबी होतात. २० टीबीच्या दहा डिस्क, शिवाय एखादी मेली तर डेटा वाचावा म्हणून वर एकदोन. कोर्टाने आदेश कॅमेऱ्यांचा दिला असं आपण म्हणतो, खरं तर तो आदेश डिस्कचा आहे आणि त्या डिस्क सांभाळायच्या कोणी याचा आहे. उद्घाटनाचा फोटो कॅमेऱ्याखाली उभं राहून काढतात, डिस्कच्या रॅकसमोर उभा राहिलेला आमदार मी अजून पाहिला नाही.

बरं डिस्क टाकतात ती कुठली. सीसीटीव्हीसाठी वेगळी डिस्क येते, जांभळ्या लेबलची किंवा स्कायहॉक वगैरे, ती चोवीस तास सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते. डेस्कटॉपची डिस्क तशी नसते. सीगेटच्या बॅराकुडा या डेस्कटॉप डिस्कचं माहितीपत्रक काढून वाचा, त्यात वर्षाला २४०० तास चालू राहणं आणि वर्षाला ५५ टीबी काम असं धरलेलं असतं. वर्षाचे तास किती? ८७६०. आणि वरच्या १६ कॅमेऱ्यांचं वर्षाचं लिखाण १२६ टीबी. म्हणजे कंपनीने कागदावर जे लिहून दिलंय त्याच्या दुपटीहून जास्त काम आपण पहिल्या दिवसापासून घेतो आणि दोन वर्षांनी ती गेली की "हल्ली मालच असा येतो" म्हणतो. डिस्क ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे, ती बदलायचीच असते, पण आपल्याकडे ती भिंतीत बसवलेल्या खिडकीत धरली जाते, एकदा खर्च केला की संपलं.

शिवाय बाजारात रिफर्बिश्ड माल सर्रास फिरतो. कुठल्या तरी डेटा सेंटरमधून काढलेली डिस्क, लेबल बदललेलं, किंमत निम्मी, कोटेशनमधे फक्त "४ टीबी एचडीडी" एवढंच लिहिलेलं. सगळ्यात कमी दराचं कोटेशन पास करायचं हा तर आपला नियमच. हे फक्त आपल्याकडे चालतं असं समजू नका, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघडकीला आलं की सीगेटच्या वापरलेल्या एक्झॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या, आणि डिस्क किती तास चाललीय त्याचा आकडा शून्यावर आणून ठेवलेला होता. आत दुसरी एक नोंद असते, फार्म लॉग म्हणतात, ती पुसायची राहिली म्हणून सापडलं. तेव्हा डिस्क हातात आली की आधी पॉवर-ऑन अवर्स बघायचे, सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी बघायची, आणि बिलावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्यायचे. दुकानदार कां कूं करायला लागला तर समजून जा.

एक मॉडेल नंबरचाच किस्सा आहे तो नॅस (नेटवर्कवर सगळ्यांनी मिळून वापरायचा डिस्कचा डबा) वापरणाऱ्यांसाठी सांगून टाकतो. २०२० मधे वेस्टर्न डिजिटलच्या रेड डिस्क, ज्या खास नॅससाठी म्हणून विकल्या जातात, त्यातल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमधे एसएमआर पद्धत वापरलीय हे लोकांना आपलंआपण शोधून काढावं लागलं, कंपनीने सांगितलेलं नव्हतं. एसएमआरमधे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, कौलं असतात तसे, त्यामुळे थोडीशी जागा बदलायची तरी शेजारचं सगळं परत लिहावं लागतं. रोजच्या वापरात कळत नाही, पण एकत्र बांधलेल्या डिस्कमधली एक गेली आणि नवीन टाकून तिच्यावर डेटा परत भरायला, म्हणजे रिबिल्ड, सुरू केलं की ती धापा टाकते, काही ठिकाणी तर रिबिल्ड अर्ध्यात सोडून देते. ओरड झाल्यावर कंपनीने यादी जाहीर केली, मग कोर्टकचेऱ्याही झाल्या.

डिस्क किती मरतात याचे चांगले आकडे उपलब्ध आहेत. माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं एमटीटीएफ (बिघडेपर्यंतचा सरासरी वेळ) १० लाख तास, म्हणजे ११४ वर्षं. वाचणाऱ्याला वाटतं नातवंडांना देऊन जाऊ. २००७ मधे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठमोठ्या ठिकाणच्या सुमारे एक लाख डिस्कचा हिशोब काढला, कागदाप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के जायला पाहिजे होत्या, प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं नेहमीचं होतं आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे उघडपणे छापते, तिथे हल्ली वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास जातात. तेही थंडगार, धूळ नसलेल्या, लाईट न जाणाऱ्या खोलीत. तरी दीड टक्काच धरू. एखाद्या तालुक्यात सगळ्या ऑफिसांत शाळांत सोसायट्यांत मिळून हजार डिस्क असतील तर वर्षाला पंधरा जाणारच. कुठल्या पंधरा हे माहीत नसतं एवढंच. मे महिन्यात वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमधे, बंद लोखंडी पेटीत, आत मावा आणि झुरळं, त्या डीव्हीआरला तर कुठलीच कंपनी टक्केवारी देणार नाही.

याचा इशारा मिळतो का? मिळतो, पण पूर्ण भरवशाचा नाही. प्रत्येक डिस्कमधे स्मार्ट नावाची सोय असते, डिस्क स्वतःची तब्येत स्वतः लिहून ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, लावलं की निळा, पिवळा नाहीतर लाल रंग दाखवतं, लिनक्सवर स्मार्टमोनटूल्स आहे, बऱ्याच डीव्हीआरमधेही मेन्यूत खोलवर कुठेतरी असतं. सगळे आकडे समजायची गरज नाही. ५ नंबरला किती खराब जागा बाजूला टाकल्या ते असतं, १९७ ला किती जागा वाचता येईनात म्हणून लटकलेल्या आहेत ते, १९८ ला ज्यांची आशा सोडली त्या. हे शून्य असले पाहिजेत. शून्याचे आठ झाले, पुढच्या महिन्यात चाळीस झाले, तर ती डिस्क चाललीय, तिच्याकडून अजून वर्ष काढायचा विचार करू नका. १९९ नंबर मात्र वेगळा, तो वाढला तर बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो, केबल सैल किंवा खराब असते, शंभर रुपयांची केबल बदलली की थांबतो, आणि तेवढ्यावरून नवीन डिस्क गळ्यात मारणारेही आहेत आमच्याच धंद्यात.

गुगलने २००७ मधेच आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कवर अभ्यास करून छापला होता. त्यात निघालं की डिस्कला तपासणीत पहिली एरर आली की पुढच्या ६० दिवसांत ती मरण्याची शक्यता बिनएररच्या डिस्कपेक्षा ३९ पट होते. म्हणजे पहिल्या इशाऱ्यालाच बदला. पण त्याच अभ्यासात दुसरंही आहे, मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी कुठलाच इशारा दिलेला नव्हता, सगळे आकडे स्वच्छ आणि सकाळी गेली. त्यामुळे स्मार्ट बघितलं की सुटलो असं नाही, दुसरी प्रत लागतेच.

आता दुसऱ्या प्रतीवर येतो आणि इथे आमच्या सहकारातल्या मंडळींना राग येईल. पतसंस्थांत सर्व्हरला रेड (RAID) असतं, वरच्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड डिस्कशी याचा संबंध नाही. रेडची कल्पना १९८८ ची, बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी पेपर लिहिला, यातला गिब्सन म्हणजे वर सांगितला तोच. चार स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, त्यातली एक गेली तरी बाकीच्यांवरून हिशोब करून डेटा उभा राहतो. फार हुशारीची गोष्ट आहे, फक्त तिची खुबी अशी की एक डिस्क गेली तरी सगळं चालूच राहतं, आणि चालू आहे म्हणून कुणाला कळतच नाही. एका पतसंस्थेत, नाव घेत नाही, मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, सर्व्हरवर पिवळा दिवा लुकलुकत होता. विचारलं तर शिपाई म्हणाला तो दिवाळीच्या आधीपासून आहे, आधी आवाजपण यायचा पण साहेबांनी बंद करायला सांगितला. म्हणजे इतके महिने चार डिस्कची संस्था तीनवर चालली होती आणि अजून एक गेली असती की हजारो खातेदारांचा हिशोब गेला असता. मॅनेजर म्हणाले एएमसी, म्हणजे वर्षाचं मेंटेनन्सचं कंत्राट, आहे की आपली. एएमसी कोणाची, तर ज्याला फोन केल्यावर येतो त्याची, आणि फोन कधी करायचा तर बंद पडल्यावर. बंद तर पडलेलं नाही!

रिबिल्डचंही लोकांना माहीत नसतं. १२ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली तरी बावीस तास लागतात, आणि सर्व्हर कामात असताना हा वेग कुठला मिळायला, दोनतीन दिवस धरा. त्या काळात उरलेल्या डिस्क पहिल्या बाईटपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात आणि त्याही त्याच दिवशी, त्याच खोक्यातून, लागोपाठच्या नंबरच्या आलेल्या असतात, तेवढ्याच झिजलेल्या. त्यातल्या एखादीत वर्षभर न वाचलेला खराब तुकडा असेल तर तो नेमका आत्ता सापडतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळी डिस्क वाचून काढायची असते, स्क्रबिंग म्हणतात, डेबियन लिनक्सवर तर ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागलेलं असतं. आपल्याकडे रविवारी सर्व्हर बंद करून जातात, वीज वाचते.

एकाच खोक्यातल्या डिस्क म्हणजे काय होऊ शकतं त्याचं उदाहरण ऐका. नोव्हेंबर २०१९ मधे एचपीई कंपनीने कळवलं की त्यांच्या काही एसएसडी (चिपवर साठवणाऱ्या डिस्क) बरोबर ३२,७६८ तासांनी बंद पडतील, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. बंद म्हणजे कायमच्या, डेटासकट. फर्मवेअरमधली, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधली, चूक होती, हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे हे कॉम्प्युटरवाल्यांच्या लगेच लक्षात येईल, तास मोजणाऱ्या खान्यात पुढचा आकडा मावत नव्हता. चार महिन्यांनी दुसऱ्या काही मॉडेलसाठी तसंच, ४०,००० तास. एका दिवशी चालू केलेल्या चारही डिस्क मग एकाच दिवशी जाणार, तिथे रेड काय करणार? फर्मवेअर अपडेट एवढाच उपाय होता आणि तो वेळेत करायला कोणीतरी ते पत्रक वाचलेलं पाहिजे. एसएसडीला फिरणारे भाग नाहीत म्हणून ती अमर असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं, उलट हार्डडिस्क जाताना टक टक तरी करते, एसएसडी न बोलता जाते.

बॅकअपबद्दल तर प्रत्येक जण सांगतो "घेतो की रोज." कुठे घेता? त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा तुकडा हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. काही जण एक्स्टर्नल डिस्कवर घेतात पण ती कायम जोडलेली असते, मग व्हायरस आला की तीही लॉक होते, दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मधे रॅन्समवेअर आला तेव्हा एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं. काही जण खरंच शहाणे, डिस्क काढून कपाटात ठेवतात. कपाट त्याच खोलीत, तळमजल्यावर. सांगलीत हे मी कोणाला समजवायची गरज नसावी, ऑगस्ट २०१९ ला पाणी बघितलं, जुलै २०२१ ला परत बघितलं, तरी कपाट तळमजल्यावरच आहे.

पीटर क्रोग नावाचा एक फोटोग्राफर आहे, त्याने साधा नियम सांगून ठेवलाय, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पतसंस्थेची दुसरी शाखा तासगावला असेल तर तिथे एक डिस्क दर आठवड्याला पाठवा, एसटीने गेली तरी चालेल, फक्त पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करून, खातेदारांची माहिती आहे ती. एवढं तर छोट्यातली छोटी संस्था करू शकते. आणि न करणारे फक्त छोटे असतात असंही नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्या हलवताना आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली ठेवायचा जी-ड्राइव्ह जळाला, ८५८ टीबी, आणि बाहेर प्रतच नव्हती. कारण काय दिलं, तर एवढ्या मोठ्या डेटाचा बॅकअप घेणं जमत नव्हतं. सॅमसंगच्या देशात!

प्रत आहे पण उघडत नाही हा अजून वेगळा प्रकार. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या माणसाकडून चुकून चालू डेटाबेस उडवला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, त्यातली एकही धड चालत नव्हती हे तेव्हा कळलं, एक तर कित्येक दिवस फेल होत होती पण फेल झाल्याचे ईमेलच पोचत नव्हते. एकाने सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून वाचले. त्या कंपनीचं मला कौतुक वाटतं, त्यांनी लपवलं नाही, सगळं जगासमोर लिहून टाकलं, दुरुस्तीचं काम लाईव्ह दाखवलं. आपल्याकडे सर्व्हर गेला की नोटीस लागते, "तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद राहतील".

डिस्क भरण्याकडेही लक्ष ठेवा, पटकन सांगतो. ऑगस्ट २०२३ मधे टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने एक दिवस थांबले, सर्व्हरवर मेंटेनन्स चालू असताना डिस्कची जागा संपली आणि जोडीचा राखीव सर्व्हरही त्याच पद्धतीने चालत असल्याने तोही अडकला. टोयोटाचं असं होऊ शकतं तर टॅलीचा ड्राइव्ह ९८ टक्के भरलेला असताना ३१ मार्चची रात्र काढणाऱ्यांनी विचार करावा.

आवाजानेही डिस्क जाते हे कोणाला खरं वाटत नाही. सप्टेंबर २०१६ मधे रोमानियात बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमधे आग विझवायच्या गॅसची चाचणी घेतली, गॅस इतक्या जोरात सुटला की १३० डेसिबलच्या वर आवाज झाला आणि त्या हादऱ्याने डिस्क बिघडल्या, बँकेचे एटीएम कार्ड सगळं दहाएक तास बंद. आता गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्यावर डीजेच्या भिंतीपासून पाच फुटांवर सोसायटीच्या गेटच्या भिंतीत जे डीव्हीआरचे डबे आहेत त्यांचं काय होत असेल याचा मी फक्त अंदाज करतो. विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे कामं वाढतात एवढं खरं, पण पाऊस आणि लाईटची ये-जा पण त्याच दिवसांत असते.

आणि घटना घडलीच तर काय करायचं हेही सांगून ठेवतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नासधूस होते. फुटेज पाहिजे असेल तर पहिल्या तासात ते पेनड्राइव्हवर काढून घ्या, कारण डीव्हीआर तुमच्यासाठी थांबत नाही, तो जुन्यावर लिहीतच जातो. डिस्क काढून घरच्या कॉम्प्युटरला लावू नका, डीव्हीआरची लिहायची पद्धत वेगळी असते, विंडोजला ती डिस्क कोरी वाटते, तो विचारतो इनिशियलाईज करू का, फॉरमॅट करू का, आणि आपला माणूस ओके दाबतो. डिस्क टक टक वाजायला लागली तर बंद करा आणि परत चालू करून बघू नका. विंडोजचं चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं) तर अजिबात चालवू नका, ते मरणाऱ्या डिस्ककडून अजून काम करून घेतं, आधी तिची जशी आहे तशी दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढायची असते, मग जे करायचं ते नकलेवर. फ्रीजमधे ठेवणं, झाकण उघडून हेड (चकतीवरून वाचणारा भाग) हाताने सरकवणं, हे यूट्यूबवर बघून करणारे येतात माझ्याकडे, डिस्कच्या आत हेड आणि चकती यांच्यात काही नॅनोमीटर फट असते, तिथे धुळीचा कण म्हणजे खडक आहे.

मला यातून मागायचं आहे ते फार नाही. सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या एजीएम होतात, रंगाच्या शेडवर दीड तास चर्चा चालते, तिथे एक ठराव करा की दर महिन्याला अमुक माणूस प्लेबॅक उघडून मागची तारीख बघेल आणि वहीत सही करेल, आणि चार वर्षं झालेली डिस्क मेली नसली तरी बदलायची, त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवायचे. एएमसीच्या कागदात "बिघाड झाल्यास" हे शब्द असतात, त्याच्या जागी दर महिन्याला स्मार्टचे आकडे लेखी द्यावेत असं घाला, आमच्यासारख्यांना आळस येईल पण पैसे घेतोय तर करू. अलार्म वाजला तर तो कोणाच्या मोबाईलवर जाईल त्याचं नाव लिहा, पदाचं नको, माणसाचं, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की नाव बदला.

पतसंस्थांसाठी सहकार खात्याला एक विनंती आहे, आपल्या पेपरमार्फत पोचली तर बरं. कलम ८१ प्रमाणे दरवर्षी ऑडिट होतंच. ऑडिटर विचारतात बॅकअप घेता का, क्लार्क हो म्हणतो, टिक होते. त्याऐवजी ऑडिटरने आपल्या मनाने मागची एक तारीख सांगावी, संस्थेने त्या तारखेचा बॅकअप बाहेरच्या जागेवरून आणून रिकाम्या मशीनवर रिस्टोर करून दाखवावा आणि दोनचार खात्यांची शिल्लक वहीशी जुळवावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे, नवीन कायदा लागत नाही, ऑडिटच्या फॉर्ममधे एक रकाना वाढवायचा आहे, रिस्टोर केला का आणि किती वेळ लागला.

आपला,
एक हार्डवेअरवाला, मिरज